माध्यम मराठी, मूल कोरकू

२०२५च्या उन्हाळ्यात पहिलीच्या वर्गावरून महाराष्ट्रात बराच धुरळा उडाला. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा शासन निर्णय निघाला. १७ जूनला तो मवाळ शब्दांत पुन्हा आला. हिंदी नको असेल तर दुसरी भाषा घ्या, पण वर्गात तशी किमान वीस मुले हवीत, अशी मेख त्यात होती. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली आणि ५ जुलैच्या नियोजित मोर्चाचा वरळीत विजयी मेळावा झाला. मराठीच्या बाजूने तेव्हा जे बोलले गेले ते रास्तच होते. सहा वर्षांच्या मुलावर भाषांचा ढीग टाकू नका, आधी त्याचे पाय त्याच्या स्वतःच्या भाषेत रोवू द्या. फक्त हा युक्तिवाद धारणी, भामरागड किंवा धडगाव या आदिवासी तालुक्यांपर्यंत कुणी नेला नाही. मेळघाटातल्या धारणीत मुलाच्या घरात कोरकू बोलतात. त्याला मराठी ही दुसरी भाषा, २०००पासून पहिलीतच आलेली इंग्रजी ही तिसरी, आणि हिंदी आली असती तर ती चौथी. (मेळघाटातल्या बाजारात मराठीपेक्षा हिंदीच जास्त ऐकू येते, हा त्यातला आणखी एक तिढा.)

मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व आपण राज्याच्या भाषेसाठी वापरतो, मुलाच्या भाषेसाठी वापरत नाही. हे एकदा लक्षात आले की या विषयावरचे संशोधन, कायदे आणि प्रयोग वेगळ्या डोळ्यांनी वाचावे लागतात.

आधी ही मुले कोण, ते पाहू. २०११च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे सुमारे २९.८ लाख, कोरकू बोलणारे सुमारे ७.३ लाख आणि भिली-भिलोडी गटातल्या बोली बोलणारे १ कोटी ४ लाख नोंदले गेले. अहिराणी ज्यात मोडते ती खानदेशी जनगणनेत मराठीपासून वेगळी मोजली जाते. तिचे भाषक १८.६ लाख. बंजारा तांड्यांवरची गोरबोली मात्र सरकारदरबारी हिंदीच्या खात्यात जमा होते. भाषाकुळे पाहिली तर अंतर किती आहे ते कळते. भिली आणि अहिराणी मराठीच्या नात्यातल्या, गोंडी द्राविडी, आणि कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी-मुंडारीची बहीण. खानदेशातले मूल महिनाभरात गुरुजींच्या मराठीला सरावते. कोरकू मुलाला तेवढ्याच मराठीसाठी दोन-तीन वर्षे लागली तर त्यात त्याची काही चूक नाही. दोघांच्या शाळेच्या दारावर माध्यम एकच लिहिलेले असते.

शहरात चित्र निराळे. मुंबई महापालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवल्या, अनेकदा एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर. सोलापुरात पद्मशाली विणकरांच्या वस्तीमुळे तेलुगू शाळा आल्या, जत-अक्कलकोटकडे कन्नड शाळा आहेत, आणि बालभारती या भाषांतून पुस्तके छापते. देशात फार थोड्या राज्यांनी एवढे केले आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पण ही सगळी सोय प्रमाणभाषांची आहे. हिंदी माध्यमाच्या वर्गात बसलेले मूल घरी भोजपुरी किंवा अवधी बोलते, उर्दू माध्यमातले अनेकदा दखनी. माध्यम आणि घर यांत तिथेही फट आहे. ती मेळघाटाइतकी रुंद नाही, इतकेच.

ही फट वर्गात दिसते कशी? बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. देवनागरी लिपी उच्चाराशी इतकी प्रामाणिक आहे की अक्षरे आणि काना-मात्रा एकदा बसल्या की मूल कोणताही मजकूर धडधड वाचून दाखवते. केंद्रप्रमुख येतात, वाचन ऐकतात, शेरा लिहितात. वाचून झाल्यावर ‘यातली मुलगी रडली कशामुळे?’ असे विचारले की वर्ग गप्प. गणितात तर हे फारच उघडे पडते. खडे, बिया घेऊन वजाबाकी नीट करणारी मुले लेखी उदाहरणाशी अडतात. ‘एका टोपलीत २४ बोरे होती. त्यांपैकी ९ वाटली. उरलेली तिघांना सारखी दिली, तर प्रत्येकाला किती मिळाली?’ इथे पैकी, उरलेली, सारखी, प्रत्येकाला या चार शब्दांत सगळे गणित भरलेले आहे. आकडे दिसले की मूल आपल्या अंदाजाने बेरीज करून मोकळे होते आणि प्रगतिपत्रकावर ‘गणित कच्चे’ असा शिक्का बसतो.

व्याकरणाचा जाच आणखी वेगळा. मराठीत दगड मोठा, वीट मोठी आणि घर मोठे. मराठी घरातले मूल हे कधी शिकले ते त्यालाही आठवत नाही. कोरकूत नामांची वाटणी होते ती सजीव आणि निर्जीव अशी, आणि वचने तीन आहेत: एक, दोन आणि अनेक. तिथून आलेल्या मुलाला दगड पुल्लिंगी आणि वीट स्त्रीलिंगी का, याला कुठलाच आधार सापडत नाही. उलट काही ठिकाणी त्याची भाषा मराठीच्या अगदी जवळ येते. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद हिंदी-इंग्रजीत नाही. तो मराठीत आहे, गोंडीत आहे आणि कोरकूतही आहे. हे ठाऊक असलेला शिक्षक हा धडा अर्ध्या तासात उरकेल. ठाऊक नसलेला तो शिकवायचाच नाही, कारण मुलांना आधीच काय येते याचा त्याला पत्ता नसतो.

आता संशोधन काय म्हणते ते पाहू. युनेस्कोने १९५३ सालीच शिक्षणाची सुरुवात मुलाच्या भाषेतून व्हावी अशी भूमिका घेतली होती. जागतिक बँकेच्या २०२१च्या अहवालानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली सुमारे ३७ टक्के मुले त्यांना नीट न येणाऱ्या भाषेतून शिकतात. या दाव्यांच्या मागे नेहमी सांगितला जातो तो नायजेरियातला इफे प्रकल्प. १९७० साली बाबातुंदे फाफुन्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्गांना सहाही वर्षे योरुबातून शिकवले आणि इंग्रजी हा नीट शिकवलेला स्वतंत्र विषय ठेवला. तुलनेतले वर्ग नेहमीप्रमाणे तीन वर्षांनी इंग्रजी माध्यमाकडे वळले. योरुबावाली मुले इतर विषयांत सरस निघाली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. त्यानंतर जिम कमिन्स यांनी केलेला भेद शिक्षकांच्या उपयोगाचा आहे. खेळताना, दुकानात बोलताना लागणारी भाषा मूल वर्ष-दोन वर्षांत उचलते. पण पुस्तकातली, कारणे देणारी, तुलना करणारी भाषा यायला पाच-सात वर्षे लागतात. ‘आमच्या शाळेतली मुले मराठी छान बोलतात, अडचण काहीच नाही,’ असे सांगणारे बहुधा यातल्या पहिल्या प्रकारच्या भाषेबद्दल बोलत असतात.

मात्र मातृभाषावादी लेखांत हमखास गाळला जातो तो भाग इथेच सांगायला हवा. कॅमेरूनमधल्या कोम भाषेच्या प्रयोगात पहिली तीन वर्षे कोममधून शिकवले. मुलांनी चांगलीच उडी घेतली. चौथीत माध्यम इंग्रजी झाले आणि पाचवीपर्यंत ती आघाडी बरीचशी विरून गेली. केनियातल्या एका मोठ्या तुलनेत मातृभाषेतून वाचन शिकलेल्या मुलांचे मातृभाषेतले वाचन सुधारले, पण इंग्रजी-किस्वाहिलीत त्याचा वेगळा फायदा दिसला नाही आणि गणितात ती थोडी मागेच राहिली. फिलिपिन्सने २००९पासून पहिल्या इयत्तांत घरच्या भाषेचे धोरण स्वीकारले, १९ भाषांतून साहित्य काढले, आणि २०२४ साली कायदा करून ही सक्ती उठवली. मिश्र वस्तीतल्या वर्गांत पाच घरांच्या पाच भाषा, पुस्तके उशिरा, आणि शिक्षकांना मुलांच्या भाषेचे प्रशिक्षण नाही, असा तिथला अनुभव होता.

माझ्या मते या उलट निकालांतून मातृभाषेचे तत्त्व पडत नाही. पडते ती अर्धवट केलेली मातृभाषा. तीन वर्षांचा पूल बांधून चौथ्या वर्षी मुलाला धक्का द्यायचा, किंवा पुस्तके आधी छापून शिक्षक मागून शोधायचा, याला शिक्षणात प्रयोग म्हणतात आणि गावात फसवणूक. इफेमध्ये सहा वर्षे दिली होती आणि दुसऱ्या भाषेसाठी चांगला शिक्षक ठेवला होता. हे दोन्ही खर्चिक आहे. धोरणाच्या मसुद्यात ते क्वचितच दिसते.

आपल्या सर्वांत जवळचा मोठा प्रयोग ओडिशाचा. २००६-०७पासून तिथे संथाळी, सौरा, कुई, कुवी, कोया, किसान, ओराम, मुंडा, जुआंग आणि बोंडा या दहा भाषांत प्राथमिक वर्ग सुरू झाले. २०१४मध्ये ही संख्या २१वर नेण्याचे धोरण आले. कुई बोलणाऱ्या कोंध मुलांवर अजित मोहंती यांनी केलेले काम याच्या मुळाशी होते. बोंडा भाषा बोलणारे काही हजारच आहेत. तिच्यातही पाठ्यपुस्तक निघाले. अडचणी नाहीत असे नाही. नियुक्त भाषा-शिक्षकाचा पगार कमी, शाळेतला मान त्याहून कमी, आणि चौथीनंतर ओडियाचा लोंढा. तरीही बोंडासाठी पुस्तक निघू शकते आणि तीस लाख भाषकांच्या गोंडीला महाराष्ट्रातल्या एकाही सरकारी शाळेत माध्यम म्हणून जागा नाही, ही तुलना मराठी माणसाला सलायला हवी. गोंडी आठव्या अनुसूचीत नाही, हे कारण पुढे केले जाते. संथाळीला ती जागा २००३च्या घटनादुरुस्तीने मिळाली हे खरे. पण सौरा किंवा जुआंगला कुठे मिळाली आहे? लिपीचे कारण तर त्याहून लटके. मुनशी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीची स्वतंत्र लिपी तयार केली. महाराष्ट्रात गोंडी देवनागरीत लिहिली जाते आणि तेलंगणाकडे तेलुगू लिपीत. पहिलीच्या मुलाला यातली कुठलीही चालेल.

महाराष्ट्रात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला आणि १९५७मध्ये कोसबाडला आल्या, तेव्हा वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच अंगणात नेली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा नेली. अनुताई वाघांनी ते काम पुढे दशकानुदशके चालवले. शिकवायचे साहित्य पाने, शिंपले, बिया, आणि मुलाची बोली ही वर्गात चालणारी गोष्ट. रमेश पानसे यांच्या ग्राममंगलने डहाणूजवळ ऐन्याला आणि नीलेश निमकर यांच्या ‘क्वेस्ट’ने वाडा तालुक्यात सोनाळ्याला हाच धागा पुढे नेला. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वेगळ्या टोकाने सुरुवात केली. या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या बोलीत जातीनुसार, थरानुसार काय फरक पडतो यावर पीएचडी केली, तिथेच स्थायिक झाल्या, भारताचे नागरिकत्व घेतले आणि कमला निंबकर बालभवन उभे केले. मुलाच्या तोंडचे ‘अशुद्ध’ हे त्याच्या घरचे शुद्ध असते, हे गृहीत धरून साक्षरता शिकवण्याची त्यांची पद्धत आहे. सरकारी पातळीवर राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने आणि आदिवासी संशोधन संस्थेने बोलींचे शब्दसंग्रह, पूरक पुस्तिका काढल्या. त्या चांगल्या आहेत. त्या वापरायच्या कधी, हे वेळापत्रकात लिहिलेले नसल्यामुळे बऱ्याच शाळांत त्या कपाटाची शोभा वाढवतात.

कायद्याकडे वळले की शब्दांचा तुटवडा नाही. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०अ भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करायला राज्याला सांगते. २००९चा शिक्षण हक्क कायदा, कलम २९, माध्यम ‘शक्य तेथवर’ मातृभाषा असावे म्हणतो. २०२०चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते, पुन्हा ‘शक्य तेथे’. शक्य आहे की नाही हे ठरवणार कोण? ज्याला ते करायचे आहे तोच. दुसऱ्या बाजूने, २०१४ साली कर्नाटकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की राज्य मातृभाषा माध्यम म्हणून लादू शकत नाही आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील. खासगी शाळांना याने मोकळीक मिळाली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मोहगावला मिळाली का, ते पाहा. तिथल्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडीतून शिकवणारी स्वतःची शाळा सुरू केली. पुढे तिला मान्यता नसल्याची नोटीस आली, आणि ज्या कायद्यात मातृभाषेचे कलम आहे त्याच शिक्षण हक्क कायद्याचा आधार त्यासाठी घेतला गेला. प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेले.

पालकांना इंग्रजी हवे आहे, म्हणून हा सगळा विषयच शिळा झाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना उडवून लावणे सोपे आहे, पण खोटेपणाचे आहे. तांड्यावरचा बाप मुलाला इंग्रजी शाळेत घालतो तेव्हा त्याने शहरातल्या नोकऱ्यांचा हिशेब केलेला असतो, आणि तो हिशेब चुकीचा नाही. ज्यांची स्वतःची मुले इंग्रजीत शिकतात त्यांनी त्याला मातृभाषेचे महत्त्व सांगू नये. १८४०च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीसाठी आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांसाठी भांडले, तेव्हाही प्रश्न हाच होता, आणि शंकरशेटांचे म्हणणे इंग्रजी नकोच असे नव्हते. सेमी इंग्रजीची वाट महाराष्ट्राने काढली ती या ओढाताणीतूनच. तिच्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सर्वांत जास्त समज लागते तेच विषय सर्वांत कमी येणाऱ्या भाषेतून. पालकांना हे कुणी सांगत नाही.

गोव्याचा धडा आणखी कडू. १९९०मध्ये सरकारने मराठी-कोकणीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यायचे ठरवले आणि चर्चच्या शाळा इंग्रजीवरून देवनागरी कोकणीवर आल्या. घरी कोकणी, पण प्रार्थनेचे पुस्तक रोमी लिपीत, अशा मुलांसमोर देवनागरी आली आणि पाचवीत पुन्हा इंग्रजी. २०११ला दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान खुले केले, भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला, पुढच्या वर्षी आलेल्या पर्रीकर सरकारनेही ते अनुदान चालूच ठेवले, आणि २०१६मध्ये त्यावरून गोव्यातला राष्ट्रीय स्वयंसेवक संघच फुटला. पंचवीस वर्षांच्या त्या भांडणात कोकणी शाळांच्या शिक्षक-प्रशिक्षणावर कितीसे बोलले गेले?

मॉरिशसमध्ये हाच प्रश्न उलटा बसतो आणि मराठी माणसाने तो जरूर पाहावा. तिथल्या प्राथमिक शाळांत मराठी ही पूर्वजांची भाषा म्हणून ऐच्छिक विषय आहे. घरात मात्र बहुसंख्य मराठी कुटुंबे क्रिओल बोलतात. २०१२पासून क्रिओलही ऐच्छिक विषय झाली आणि मुलाने या भाषांतली एक निवडायची, अशी रचना आहे. तिथल्या मराठी मुलाचे ‘मातृभाषा’ आणि ‘घरची भाषा’ हे दोन वेगळे रकाने आहेत. मराठीचा अभिमान म्हणून त्याने मराठी घ्यावी हे मला मनापासून पटते. ती त्याची शिकण्याची भाषा आहे असे मात्र म्हणवत नाही. आपल्याकडच्या वादात हे दोन रकाने आपण सर्रास एक करतो.

सगळे फिरून येते ते शिक्षकाशी. वर्गात कोरकू समजणारे माणूस असेल तर पुस्तक मराठी असूनही काम निम्मे सोपे होते. ते नसेल तर कोरकू पुस्तकही मुके. २०१४ची राज्यपालांची अधिसूचना अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकांसह काही पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांना राखून ठेवत होती. आंध्रच्या अशाच शंभर टक्के आरक्षणाविरुद्ध २०२०ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि अनुसूचित क्षेत्रातली भरती वर्षानुवर्षे लटकली. मग तिथे मैदानी जिल्ह्यातले गुरुजी येतात. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढली की बदलीचा हक्क मिळतो, आणि माणसाने तो घेतला तर त्याला नावे ठेवता येत नाहीत. बायकोमुले दूर, गावात दवाखाना नाही. पण तीन वर्षे म्हणजे कोरकू कानात बसायला लागणारा जवळपास तेवढाच काळ.

यावर मोठ्या धोरणाची वाट न पाहता करता येण्याजोगे दोन-तीन उपाय आहेत. यूडायस प्लस या शालेय माहिती प्रणालीच्या अर्जात प्रत्येक मुलाच्या मातृभाषेचा रकाना आहे. तो शाळेच्या माध्यमावरून न भरता पालकाला विचारून भरला, तर छत्तीसगडने पहिलीच्या मुलांची भाषिक पाहणी करून जे मिळवले ते महाराष्ट्राला एका शैक्षणिक वर्षात मिळेल. पाड्यावरची अंगणवाडी सेविका बहुधा त्याच भाषेची असते. तिला पहिली-दुसरीच्या वर्गात रोज दोन तासिका मानधनावर बसवता येईल. आणि शिक्षकांचे काय? राज्य सरकार आपल्या कर्मचाऱ्यांची एतदर्थ मंडळामार्फत मराठीची आणि हिंदीचीही परीक्षा घेते, मुदतीत पास न झाल्यास वेतनवाढ रोखते. धारणीला किंवा भामरागडला जाणाऱ्या शिक्षकासाठी कोरकूची, गोंडीची अशी परीक्षा ठेवावी, पण दंडाऐवजी बक्षिसाची: पास होणाऱ्याला दोन वेतनवाढी, आणि त्याच जागी सहा वर्षे राहिला तर पुढच्या बदलीत पहिली पसंती.